कुंपणाबाहेर आलेली ओळ

९ मार्च

प्रिय दादा,

इतके महिने पत्र नाही, याबद्दल माफ कर. आधी इथे ‘कामात होते’ असं लिहिलं होतं, मग पुसलं, कारण ते खरं नाही. तुला लिहायचं म्हणजे आईबद्दल लिहावं लागणार. आणि आईबद्दल लिहायला घेतलं की एक तर रडगाणं होतं, नाही तर खोटं. दोन्ही नको म्हणून टाळत राहिले.

आई, म्हणजे तुझी आत्या, आता माझ्याकडे राहते, हे तुला तुझ्या बाबांकडून कळलं असेलच. पडल्यावर खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. डोकं मात्र लख्ख आहे आणि जीभ त्याहून. काल व्यायाम करून घ्यायला येणाऱ्याला म्हणाली, “हात फार मऊ आहे तुमचा, शिवणकामात टिकला नसतात.” आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली बाई, समोरच्याला अजून माप घेतल्यासारखी बघते. उठता-बसताना धरावं लागतं. लॅबमध्ये जाण्याआधी मी तिची आंघोळ उरकते, आल्यावर बाकीचं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. मी माझी टिपणं फोनवरच्या एका फुकट अ‍ॅपमध्ये लिहिते, आणि त्यावरून तू मला झापलेलं आहेस. मागच्या आठवड्यात मी त्यात आईबद्दल एक टिपण लिहिलं. तिला अधूनमधून अंथरुणातच होतं, आणि मग ती भिंतीकडे बघत पडून राहते, त्याबद्दल. कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये फोन उघडला तर मोठ्या माणसांच्या डायपरची जाहिरात. पांढऱ्या केसांची हसरी बाई आणि खाली ‘तिच्या सन्मानासाठी’.

शिसारी आली मला. मी स्वतःला हेही विचारलं की हा योगायोग असेल का, मी आधी कधी कुठे त्याची किंमत बघितली होती का. आठवत नाही, म्हणून छातीठोकपणे आरोप करत नाही. पण खात्री नसली तरी किळस जात नाही. कुणीतरी खांद्यावरून वाकून आपलं वाचावं आणि वाचता वाचता हात चोळावेत, तसं वाटतं.

तुझं सगळं तू स्वतःच्या घरातल्या यंत्रावर ठेवतोस. त्यात मला एक कोपरा देशील का?

तुझी,
मुंगी


१२ मार्च

मुंगे,

आलीस एकदाची वळणावर! इतकी वर्षं मी ओरडत होतो तेव्हा ‘दादा, तुझं आपलं काहीतरीच’. आता एका डायपरने जमवलं. तुझी वहिनी म्हणते, “मिळालं बाई एकदाचं याला दुसरं गिऱ्हाईक.” पहिलं गिऱ्हाईक ती, आणि तेही नाइलाजाने, कारण आमचे फोटो, पत्रं, हिशेब, सगळं माझ्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे काय, वहीएवढा एक डबा. चपलांच्या कपाटावर ठेवलाय. त्याच्यामुळे कपाट हलवता येत नाही, आणि कपाट हलत नाही म्हणून मागची भिंत रंगवता येत नाही, हे घरात रोज ऐकतो.

तुला कोपरा नाही, आख्खी बाग देतो. नीट वाच. रोजनिशीत कसं, तारखेमागून तारीख, जुनं खाली गाडलं जातं. बागेत तारखा महत्त्वाच्या नाहीत. एक विचार, एक पान. पान अर्धवट असलं तरी चालतं, पुन्हा पुन्हा येऊन त्याला पाणी घालायचं. एका पानातून दुसऱ्या पानाकडे वाट काढायची, म्हणजे शब्दावर बोट ठेवलं की तिकडे जाता येतं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘इथे येणाऱ्या वाटा’ अशी यादी आपोआप तयार होते, की या पानाकडे कोणकोणत्या पानांनी बोट दाखवलंय. वर्षभराने ती यादी वाचताना आपल्यालाच आपलं डोकं नव्याने कळतं. मी थापा मारत नाही.

पानं दोन जातीची. उघडी पानं, ती ज्याच्याकडे पत्ता आहे तो कुणीही वाचू शकतो. आणि कुंपणाआडची, ती फक्त तुला दिसतात, तुझ्या पासवर्डने.

मला वाचता येतील का? येतील. यंत्र माझं, किल्ली माझी, त्यामुळे खोटं सांगत नाही. पण वाचणार नाही. आणि आपल्याकडे जाहिरात नाही, मोजदाद नाही, कोण आलं, किती वेळ थांबलं, याचा माग ठेवणं नाही. हा माझा शब्द.

आत्याला नमस्कार सांग. माझ्या पोटाबद्दल काय म्हणते ते कळव.

तुझा,
फ्यूज


२० एप्रिल

प्रिय दादा,

बाग लागली. तुला हसू येईल, पण मला आता बसमध्ये खिडकी नाही मिळाली तरी चालतं. एक पान उघडते, दोन वाक्यं नीट करते, बंद करते. शेजारचा माणूस त्याच्या फोनवर कुणीतरी कुणाला तरी थोबाडीत मारतानाची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत असतो, आणि मी माझ्या कुंपणात असते.

उघड्या पानांपैकी सगळ्यात मोठं ‘आईचे हात’. कापड न ओढता शिवण कशी उसवायची, काज कसं करायचं, कुणाचा एक खांदा उतरलेला असेल तर त्याला न सांगता दुसऱ्या खांद्यात किती भर घालायची, असं सगळं. आई टॅबवर मोठ्ठी अक्षरं करून रोज सकाळी चहाबरोबर ते वाचते आणि चुका काढते. काल म्हणाली, “‘तिच्या हातांत जादू होती’ म्हणजे काय गं? होती? मी गेले का?” मी ‘आहे’ केलं. तर म्हणे, “आता खोटं झालं. आता कुठे आहे?” तुझ्या पोटाबद्दल तिने विचारलंय की माप तेच आहे की कापड वाढवावं लागेल.

कुंपणाआड मी काय लिहिते ते सांगणार नाही. एवढंच सांगते की जे तोंडाने कुणालाच सांगता येत नाही ते तिथे लिहिते, आणि लिहून झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्यासारखं वाटतं. तू म्हणालास तशा वाटाही जोडते, आडच्या पानातून उघड्या पानाकडेसुद्धा. माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी शेजारीच आहेत, मग तोडू कशाला?

कधी कधी मनात येतं, माणसाने इतकं खरं कुठेही लिहावं का. पण न लिहिता ते जातं कुठे? माझं तर आवाजात जायला लागलं होतं. आईशी बोलताना माझा आवाज गोड व्हायला लागला की मला कळतं, आत काहीतरी आंबलंय.

मुंगी


१४ मे

मुंगे,

घाईत आहे. सुटीच्या दिवशी बसून आपल्या दोघांच्या बागांना नवं सॉफ्टवेअर घातलं. तुझ्याकडेही एक सुधारणा झाली आहे, तळाच्या ‘इथे येणाऱ्या वाटा’मध्ये आता नुसतं पानाचं नाव येत नाही, ज्या ओळीतून वाट निघते ती ओळच दिसते. म्हणजे संदर्भ लगेच कळतो. बघ आणि सांग कसं वाटतं. स्तुती चालेल.

फ्यूज


२ जुलै

मुंगे,

माझ्या मागच्या तिन्ही पत्रांना उत्तर नाही. मला कारण माहीत आहे आणि मी शरमिंदा आहे. जूनच्या सुरुवातीला सर्व्हर बंद पडला होता. मेहुणा आला होता, त्याने फोन चार्ज करायला डब्याचा प्लग काढला आणि गावी जाताना तसाच ठेवून गेला. मी बाहेरगावी. आख्ख्या कुटुंबाची पत्रं, फोटो, बागा, सगळं ठप्प. वहिनी मला फोनवर म्हणते, “तुमच्या त्या स्वातंत्र्याचा प्लग निघालाय.” मोठ्या कंपन्यांचं निदान बंद तरी पडत नाही, असं तुझ्या मनात आलं असेल, तर ते बरोबर आहे. आता बॅटरीची सोय केली आहे. राग सोड.

आत्या मात्र माझ्यावर खूश दिसते. मागच्या महिन्यात तिचा स्वतःहून फोन आला. म्हणाली, “काय रे, तुमच्या त्या बागेत एखाद्याने पान वाचलं, तर लिहिणाऱ्याला ते कळतं का?” मी म्हटलं, “आत्या, हीच तर आपली खासियत. आपल्याकडे कुणी कुणावर पाळत ठेवत नाही. कुणाला काही कळत नाही.” “मग बरं,” म्हणाली आणि ठेवला. माझ्या पोटाचा विषयसुद्धा काढला नाही! बहुधा मैत्रिणींना तुझी पानं दाखवायची असतील आणि तुला कळायला नको असेल. तिला सांग की खुशाल दाखव.

लिही गं काहीतरी.

फ्यूज


९ जुलै

दादा,

कागदावर लिहितेय, कारण तुझ्या यंत्रातून जाणारं काही लिहायची इच्छा नाही. सर्व्हर बंद पडला होता हे मला तुझ्याच पत्रातून कळलं, जूनमध्ये मी बाग उघडलीच नव्हती. माझ्या न लिहिण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

सरळ क्रमाने सांगते.

मेच्या शेवटी एक दिवस आई म्हणाली, “आंघोळीला बाई ठेव. तू दमतेस.” तीन वेळा विचारलं, तिने तीनदा तेच सांगितलं. बाई मिळाली, चांगली आहे, मोठ्याने गाणी म्हणत आंघोळ घालते. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाज. त्या लाजेपायी मी तुला काही लिहिलं नाही. आई जरा गप्प झाली होती, जेवण कमी झालं होतं. मी पित्ताची गोळी देत राहिले.

मग तुझं पत्र आलं. तिने तुला काय विचारलं ते मी दोनदा वाचलं. मैत्रिणींना दाखवायला हा प्रश्न कुणी विचारत नाही. ती दुपारची डुलकी घेत होती. टॅब छातीवर होता, अंगठा त्याच्या कडेवर. मी अंगठ्याखालून तो अलगद काढला. ‘आईचे हात’ उघडलं आणि कधी नव्हे ते अगदी तळापर्यंत गेले. मी माझं पान नेहमी माझ्या पासवर्डने बघते, तेव्हा तळाला माझीच सगळी पानं दिसणार, त्यात नवल ते काय. पण आईच्या टॅबवर पासवर्ड नाही. ती बाहेरची वाचक आहे. आणि तिथे, तिने शिकवलेल्या काज-बटणांच्या खाली, मोठ्ठ्या अक्षरांत:

‘आज आईला धुताना ओकारी आली, तोंड फिरवलं, तिला वाटलं मी साबण शोधतेय, आणि हेच ते आईचे हात माझ्या खांद्याला धरून होते.’

‘आईचे हात’ या शब्दांवर वाट होती, म्हणून तुझ्या सुधारणेने ती ओळ उचलून तिथे मांडली. संदर्भ लगेच कळतो म्हणालास. कळला.

मी लॅबमध्ये दिवसभर अनोळखी माणसांची थुंकी, लघवी, विष्ठा तपासते. नाकाला काही होत नाही. डबा उघडायचा, काच घ्यायची, नोंद करायची. आणि जिने मला धुतलं तिला धुताना माझ्या घशाशी येतं. हे का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, म्हणून तर मी ते तिथे, आड, लिहिलं होतं. ते आता कुणीतरी उलटं करून बाहेर वाळत घातलंय. त्या अ‍ॅपने माझं वाचून मला जाहिरात दाखवली, तेव्हा मला किळस आली होती. पण त्या अ‍ॅपने निदान ते माझ्या आईला दाखवलं नव्हतं.

आता माझी अडचण समजून घे. तिने ती ओळ वाचली असेल, तर मी गप्प बसून रोज तिला आणखी दुखावतेय. वाचली नसेल, बाई खरंच माझ्या दमण्यासाठी ठेवली असेल, तर मी विचारलं की मीच तिला ती ओळ सांगितल्यासारखं होईल. विचारणं आणि न विचारणं, दोन्हींतलं एक घातक आहे आणि कुठलं ते मला ठाऊक नाही. तिने तुला विचारलेल्या प्रश्नावरून नव्वद टक्के वाटतं की वाचली. पण दहा टक्क्यांसाठी आईच्या अंगावर हे टाकायचं?

तू म्हणतोस की आपण माग ठेवत नाही. म्हणजे कळायचा मार्ग नाही.

ती यादी आधी बंद कर.

मुंगी


१६ जुलै

मुंगी,

माझं अक्षर लागलं नाही तर फोन कर. कागदावर लिहायची सवय गेली आहे.

यादी बंद केली. पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या केली, बूटही काढले नव्हते. चूक पूर्णपणे माझी आहे आणि ती कशी झाली हे तुला सांगायला हवं. मी कुंपण पानांना घातलं होतं. आडचं पान कुणी उघडायला गेलं तर दार बंद. पण नवी सुधारणा पान उघडत नाही, ती पानातली एक ओळ दुसऱ्या पानावर नेऊन ठेवते. ओळींना कुंपण घालायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी तपासून पाहिलं ते माझ्याच पासवर्डने, तुझ्यासारखंच. बाहेरचा होऊन मी माझी बाग कधी बघितलीच नाही.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना मला निदान थोडी तरी मान वर करता येईल असं वाटतं. दुरुस्ती करताना दिसलं की यंत्र आपणहून एक लॉग ठेवत होतं. कुणी, कधी, कुठलं पान उघडलं, सगळं. हे असं मुळात चालूच असतं, ते बंद करायचं मी वर्षानुवर्षं विसरलो होतो. मी तुला शब्द दिला होता की माग ठेवत नाही, आणि ठेवत होतो! मला माझीच किळस आली. ती फाईल मी उघडली नाही. एक ओळही वाचली नाही. पुसली. बॅकअपमधूनही पुसली, आणि यापुढे बनणार नाही असं केलं.

हो, माझ्या मनात आलं की तुला ती हवी असेल. त्यात बघून तुला नेमकं कळलं असतं. पण मग तू आईवर पाळत ठेवणारी मुलगी झाली असतीस, आणि तो मोह मी तुझ्यापुढे ठेवला असता. ज्याच्यामुळे आपण त्या सगळ्या कंपन्या सोडल्या, तेच आपण घरात करायचं? ते मला नको होतं. तुझ्यासाठीही नको होतं.

आत्याच्या फोनचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. तो कळला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुझा दादा


३ ऑगस्ट

दादा,

हे पुन्हा तुझ्या मेलवरून पाठवतेय. कागद पोचायला वेळ लागतो आणि आई थांबायला तयार नाही. कशासाठी ते पुढे येईल.

आधी तुझ्या पत्राबद्दल. तू ओळ फोडलीस ती चूक होती, ती मी माफ केली असती. पण माझ्या हातात यायला हवी होती ती एकच गोष्ट तू आधी उघडायची नाही म्हणून उघडली नाहीस आणि मग मला मोह नको म्हणून पुसलीस. मला काय झेपेल, कशी मुलगी व्हायचं, हे ठरवणारा तू कोण? त्या कंपन्या निदान मला चांगलं वळण लावायला जात नाहीत. हे वाचताना तुला वाटेल की मी रागात बोलतेय. तेही आहे. पण मी ते थंड डोक्यानेही तपासून पाहिलं आणि तरी तेच राहिलं. तुझ्या त्या स्वच्छ हातांची मला शिसारी आली.

मग मी स्वतःला विचारलं, की तू ती फाईल पाठवली असतीस तर मी काय केलं असतं? बघितली असती. चहाच्या वेळेशी तारखा जुळवल्या असत्या. ते पान किती वेळ उघडं होतं ते मोजलं असतं. आणि नंतर आईसमोर काहीच माहीत नसल्यासारखा गोड चेहरा केला असता. म्हणजे तू चुकलास, पण तुझा माझ्याबद्दलचा अंदाज चुकला नाही. याचीही किळसच.

मागच्या रविवारी बाईची सुटी होती. आंघोळ मीच घालणार होते. आईला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, बादली भरायला लावली, आणि पाण्याच्या आवाजात विचारून टाकलं, “आई, माझ्या पानाच्या खाली एक ओळ येत होती. ती वाचलीस तू?”

“कुठली? ओकारीची?”

मी नळ बंद केला.

“वाचली,” आई म्हणाली. “चष्मा लावून वाचली. टॅब बिघडलाय वाटलं, म्हणून बंद करून परत लावून वाचली.”

“मला बोलली का नाहीस?”

“काय बोलू? शाब्बास म्हणू?”

“वाईट वाटलं असेल ना गं तुला.”

“न वाटायला मी लाकडाची आहे? घास गिळत नव्हता माझा. आणि तू मला पित्ताच्या गोळ्या देत होतीस.” आणि वर, “त्या गोळ्या महाग आहेत म्हणे. बंद कर आता.”

मी रडायला लागले. ती वैतागली. “रडू नकोस, मी ओली व्हायच्या आधीच गारठेन. टॉवेल दे.” मी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि विचारलं की म्हणूनच बाई ठेवलीस ना?

“थोडी त्यामुळे. जास्त तुझ्या त्या आवाजामुळे. ‘झालं हं, झालंच, शहाणं माझं ते.’ मी काय रांगतेय? अंगावर काटा यायचा माझ्या. आणि तुझे हात.”

“माझे हात?”

“दिवसभर जगाची घाण चिवडतेस आणि त्याच हातांनी माझ्या तोंडावरून पाणी फिरवतेस.”

“मी हातमोजे घालते आई! धुते! दहादा धुते!”

“ठाऊक आहे की. तरी यायची किळस. मी तुझी आई आहे हे तुला ठाऊक नव्हतं? तरी आलीच ना तुला?”

दादा, मी तिथे ओल्या फरशीवर बसले आणि मला हसू यायला लागलं, आणि तीही हसली, पण तिचं हसणं नीट नव्हतं. ते मी पाहिलं. तिला खरंच माझ्या हातांची किळस यायची, की मला एकटीला अपराधी वाटू नये म्हणून तिने ती आत्ता, स्टुलावर बसल्या बसल्या बेतली? ती शिंपीण आहे. उतरलेल्या खांद्यासमोर दुसऱ्या खांद्यात किती भर घालायची, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. मी विचारू शकले असते. विचारलं नाही.

आंघोळ घातली. गोड बोलले नाही. मध्ये घशाशी आलंच. मी म्हटलं, “वास येतोय, थांब, खिडकी उघडते.” ती म्हणाली, “मग उघड की, विचारतेस काय?” वारा आला. तिने डोळे मिटून घेतले आणि पाठ माझ्याकडे केली. काही बदललं असं मी म्हणणार नाही. पाठ तीच, वासही तोच.

नंतर केस पुसताना म्हणाली, “तुझ्या त्या वरच्या पानाने मात्र जीव नकोसा केला होता बघ. जादू काय, हात काय. रोज सकाळी चहाबरोबर आपलाच शोकसंदेश वाचल्यासारखं. खालची ती ओळ आली तेव्हा म्हटलं, चला, ही याच घरात राहते म्हणजे.” आणि मग, “मलाही दे असा एक तुकडा. कुंपणाआडचा.”

“तू लिहिणार?”

“का, मला हात नाहीत? तुझ्याबद्दल बरंच साचलंय.”

“मी वाचू?”

“वाचलंस तर टॅब तुझ्या डोक्यात घालीन.”

मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की यंत्र दादाचं आहे, त्याला वाटलं तर तो वाचू शकेल. त्यावर तुझी आत्या म्हणाली, “त्याला वाचू दे. तो काही मला आंघोळ घालायला येणार नाही.”

तर आता काम. आईसाठी तुझ्या सर्व्हरवर आजच जागा कर. सगळी पानं आडची. तळाला कुठलीही यादी नको, शोधायची खिडकी नको, सुधारणा तर मुळीच नको. आणि बाहेरचा होऊन, पासवर्डाशिवाय, स्वतः बघून मगच कळव.

माझी बाग मात्र मी तुझ्याकडून काढून घेतेय. त्या वहीएवढ्या डब्यासारखा एक डबा मी मागवलाय, तो पुस्तकांच्या फळीवर बसेल. त्यावर काय काय चढवायचं ते क्रमाने लिहून पाठव, मी वाचून करीन, चुकले तर चुकेन. तू येऊन करून देऊ नकोस. माझ्या कुंपणाची किल्ली माझ्याकडे असली म्हणजे मी शहाणी झाले असं नाही, हे मला समजतं. पण पुढची चूक माझी मला करू दे.

आईचं तुझ्याकडे आणि माझं माझ्याकडे, हे मुद्दामच आहे. तिचा तुकडा माझ्या फळीवर असता तर मी तो उघडला असता. आज नाही, या महिन्यात नाही, पण तिला बरं नसताना एखाद्या दिवशी उघडला असता. मी माझ्याबद्दल एवढं आता सांगू शकते.

राग अजून गेलेला नाही. वहिनीला मात्र नमस्कार सांग आणि म्हणावं, भिंत रंगवून घे.

उद्या: आईचा पासवर्ड तिचा तिला घालू देणे, आणि तेवढा वेळ आपण खोलीबाहेर उभं राहणे.

मुंगी